टी. बी. कुन्हा: तीन संघटना, एक पुस्तिका आणि न मिटलेला वाद

१८ जूनला मडगावच्या लोहिया मैदानावर किंवा मुक्तिदिनी, १९ डिसेंबरला, पणजीत भाषणं होतात तेव्हा त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचं नाव 'गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक' म्हणून घेतलं जातं आणि पुढच्याच वाक्यात वक्ता लोहियांकडे वळतो. कुन्हांच्या वाट्याला विशेषण येतं, तपशील येत नाही. मराठीत तर आणखी पंचाईत. मोहन रानडे, सुधीर फडके, आझाद गोमंतक दल यांच्याबद्दल मराठी वाचकाला बरंच ठाऊक असतं, कारण ती माणसं मराठीत बोलली, मराठीत लिहिती झाली. कुन्हा लिहायचे फ्रेंच, पोर्तुगीज आणि इंग्रजीत. त्यामुळे आपल्यापर्यंत ते पोचले ऐकीव अवतरणांतून, आणि ती अवतरणंही बहुतेक एकाच पुस्तिकेतली, सोयीनं कापलेली.

कुन्हा समजून घ्यायचे तर दोन गोष्टी आधी नीट लावून घ्याव्या लागतात. एक म्हणजे संघटनांचा क्रम. दुसरी म्हणजे १९४४ची ती पुस्तिका, 'डिनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स' (गोवेकरांचं अराष्ट्रीयीकरण), नेमकी कोणत्या गोव्याबद्दल बोलते, ते. या दोन जागी गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

आधी माणूस. जन्म २ एप्रिल १८९१, चांदर, गोव्यातली सासष्टी. घराणं कासावलीजवळच्या कुएलीचं. शाळा पणजीत, आणि त्यानंतर पाँडिचेरी. गोव्याच्या भाटकार (जमीनदार) घरातला मुलगा लिस्बनला न जाता पाँडिचेरीला का गेला? तिथं फ्रेंच अंमल होता, फ्रेंच बाकालोरेआ परीक्षा देता येई आणि ती दिली की पॅरिसचं दार उघडे. पॅरिसला सोर्बोनमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकी केली. नावापुढे सर्रास 'डॉ.' लावलं जात असल्यानं अनेकांना ते वैद्य वाटतात, तसं ते नव्हतं. पॅरिसमध्ये ते साम्राज्यविरोधी डाव्या वर्तुळांत वावरले आणि फ्रेंच नियतकालिकांतून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल लिहीत राहिले. जालियनवाला आणि असहकार या गोष्टी युरोपला कळाव्यात म्हणून लिहिणाऱ्या थोड्या हिंदी माणसांत हा गोंयकार होता. पुढे त्यांना 'कम्युनिस्ट' म्हणून जे हिणवलं गेलं, त्याचं मूळ या पॅरिसच्या वर्षांत आहे.

ते गोव्यात परतले १९२६ साली. तारखांचा हा जुळून आलेला विक्षिप्तपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे: त्याच वर्षी २८ मे रोजी पोर्तुगालात लष्करानं उठाव करून प्रजासत्ताक मोडीत काढलं. १९१०च्या प्रजासत्ताकानं गोव्यातल्या हिंदूंना बऱ्याच अंशी बरोबरीचे हक्क दिले होते, चर्च आणि सरकार यांची फारकत केली होती, वृत्तपत्रांना श्वास घेऊ दिला होता. मराठी शाळा, वाचनालयं, हिंदू तरुणांना सरकारी नोकऱ्या, हे सगळं त्या सोळा वर्षांत बहरलं. कुन्हा आले ते ही खिडकी बंद होताना. १९३२मध्ये सालाझार पंतप्रधान झाला आणि तिला कडीच बसली.

८ जुलै १९३०चा वसाहत कायदा वाचल्याशिवाय कुन्हांचा राग कळत नाही. त्याच्या दुसऱ्याच कलमात असं मांडलं होतं की सागरापलीकडचे मुलूख ताब्यात ठेवणं, ते वसवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राच्या घडणीतच आहे. म्हणजे गोव्यातला वकील, डॉक्टर, संपादक, लिस्बनच्या पार्लमेंटात प्रतिनिधी पाठवणारा उच्चभ्रू, हे सारे एका कलमानं 'सुधारायची माणसं' झाले. कुन्हांचे जवळचे नातेवाईक लुईश द मेनेझिस ब्रागांझा यांनी त्याच जुलैत गोव्याच्या सरकारी कौन्सिलात ठराव आणून स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. मेनेझिस ब्रागांझा कौन्सिलातून आणि वृत्तपत्रातून लढणारे. कुन्हांनी संघटनेचा रस्ता धरला. आसामच्या चहामळ्यांवर नेलेल्या गोव्यातल्या कुणबी मजुरांच्या हालाला त्यांनी वाचा फोडली, ती याच सुरुवातीच्या काळात.

आता संघटना. इथं तीन वेगवेगळी नावं आहेत आणि व्याख्यानांत, शाळेच्या निबंधांत, अगदी फलकांवरही त्यांची खिचडी होते.

पहिली गोवा काँग्रेस कमिटी, १९२८, मडगाव. ही कुन्हांची. त्याच वर्षाच्या कलकत्ता अधिवेशनात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसनं तिला मान्यता दिली. १९३४मध्ये काँग्रेसनं नवी घटना केली आणि परक्या अंमलाखालच्या मुलखांतल्या समित्यांची संलग्नता गेली. गोवा त्यात गेला. हा धक्का मोठा होता आणि त्याबद्दल काँग्रेसच्या बाजूनं फारसं बोललं जात नाही. १९३८च्या मे महिन्यात मुंबईतल्या गोवेकर पुढाऱ्यांनी तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची भेट घेतली. त्यांच्या सल्ल्यानं मुंबईत २१, दलाल स्ट्रीट इथं गोवा काँग्रेस कमिटीची कचेरी उघडली आणि कुन्हा अध्यक्ष झाले. ही वेगळी संघटना नव्हे, त्याच कमिटीचा मुंबईतला पुनर्जन्म.

दुसरी नॅशनल काँग्रेस (गोवा), ऑगस्ट १९४६, लोंढा. गोव्याच्या हद्दीपलीकडचं हे जंक्शन निवडलं, कारण तिथं पोर्तुगीज पोलिसाचा हात पोचत नव्हता आणि आगगाडी मात्र पोचत होती. कुन्हांनी ही संघटना स्थापन केली असं लिहिलेलं आढळतं. ते शक्यच नाही. त्या महिन्यात ते कैदेत होते.

तिसरी गोवा ॲक्शन कमिटी, १९५३ नंतर, मुंबई. ही पुन्हा कुन्हांची. तोवर मुंबईत गोव्याच्या नावानं इतके गट झाले होते की त्यांना एका सुतात ओवणं हेच तिचं मुख्य काम ठरलं. ते सूत फारसं टिकलं नाही, हेही सांगून टाकू.

कमिटीची कचेरी आणि छपाई मुंबईत का, याचं उत्तर सेन्सॉरमध्ये आहे. सालाझारच्या राजवटीत छापण्याआधी मजकूर तपासणीस जाई. छापून झाल्यावर खटला भरण्याची वेळच येत नसे. वृत्तपत्रावर 'सेन्सॉरनं तपासलं' अशी ओळ असे. लग्नपत्रिकासुद्धा आधी दाखवाव्या लागत, हे जुन्या पिढीकडून गोव्यात घरोघरी ऐकायला मिळतं. सभेचंही तेच: परवानगी नाही तर सभा नाही. अशा ठिकाणी पुस्तिका हेच हत्यार उरतं, कारण ती खिशात मावते आणि हद्दीपलीकडे छापता येते. कुन्हांचं बहुतेक लेखन पुस्तिकांच्या आकाराचं आहे ते हौसेनं नव्हे. जाडजूड ग्रंथ लिहून तो गोव्यात पोचवणार कसा?

१९४६चा उन्हाळा-पावसाळा दिवसांच्या हिशेबानं पाहावा, कारण इथंही दोन सभा एक करून टाकल्या जातात. जूनच्या १० तारखेच्या सुमारास लोहिया असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, खरं तर विश्रांतीसाठी. १८ जूनला भर पावसात मडगावला सभा झाली, लोहियांना आणि मिनेझिसना पोलिसांनी उचललं. त्या सभेची मागणी नागरी स्वातंत्र्याची होती: बोलू द्या, लिहू द्या, जमू द्या. 'पोर्तुगीजांनी चालते व्हावे' ही मागणी त्या दिवशी मंचावर नव्हती, ती लोकांनी ऐकली ती वेगळी गोष्ट. कुन्हांची सभा ३० जूनची, मडगावचीच. तिथं त्यांना पोलिसांनी मारहाण केली. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. १२ जुलैला अटक, रवानगी आग्वादच्या किल्ल्यात.

पुढं जे झालं ते नवं होतं. मुलकी माणसावर लष्करी न्यायालयात खटला चालवण्याचा गोव्यातला तो पहिला प्रसंग. जुलै संपायच्या आत निकाल लागला: आठ वर्षं कैद आणि पोर्तुगालला रवानगी. लष्करी न्यायालय का? साध्या कोर्टात मडगाव-पणजीचे वकील उभे राहिले असते, साक्षी-उलटतपासण्या झाल्या असत्या, वृत्तपत्रांत काही ना काही झिरपलं असतं. लष्करी न्यायालयात हे सगळं आटोपशीर होतं. हा साचा एकदा सापडल्यावर सरकारनं तो सोडला नाही. डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, जुझे इनासियु द लोयोला हे त्याच वाटेनं गेले. गांधीजी 'हरिजन'मधून लिहीत होते, गव्हर्नर जनरल बोसा यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. निकालांवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

पोर्तुगालात त्यांना ठेवलं पेनिशच्या किल्ल्यात. लिस्बनच्या उत्तरेला, अटलांटिकमध्ये घुसलेल्या भूशिरावर. हा सालाझारचा राजकीय कैद्यांसाठीचा खास तुरुंग. पोर्तुगीज कम्युनिस्ट पुढारी आल्वारु कुन्याल १९६०च्या जानेवारीत इथूनच निसटला. (आडनावातल्या साधर्म्यामुळे दोघांचं नातं जोडणारेही भेटतात. नातं काही नाही.) १९७४च्या क्रांतीनंतर तुरुंग बंद झाला आणि आता तिथं प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९५०मध्ये माफी मिळून कुन्हा सुटले, पण देश सोडायला मोकळीक नव्हती. ते पोर्तुगालात अडकलेले असतानाच, १९५१मध्ये लिस्बननं घटना बदलली आणि वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली. ज्या वसाहतीचा कैदी म्हणून त्यांना आणलं, ती वसाहतच कागदावरून नाहीशी झाली. संयुक्त राष्ट्रांत 'आमच्याकडे वसाहती नाहीतच' असं सांगण्यासाठी ही सोय होती आणि पोर्तुगालनं ती पुढं पुरेपूर वापरली. १९५३मध्ये कुन्हा निसटून पॅरिसला गेले आणि सप्टेंबरात मुंबईत उतरले.

मुंबईतली शेवटची पाच वर्षं ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात वादाची. ते 'फ्री गोवा' हे पत्र चालवत होते आणि त्यांची भूमिका एका ओळीची होती: गोवा हा भारताचा भाग, गोंयकार हे भारतीय, यापेक्षा वेगळं 'गोवेकर राष्ट्र' वगैरे काही नाही. ही ओळ आज निरुपद्रवी वाटते. त्या वेळी ती अनेकांना झोंबली. मडगावात पोर्तुगालच्या छत्राखाली स्वायत्तता मागणारा सुशिक्षित गट होता. मुंबईतल्या ख्रिस्ती गोवेकरांत विलीनीकरणाची धास्ती होती. चर्चशी कुन्हांचं कधीच जमलं नव्हतं. आणि दिल्लीत नेहरूंना गोवा चर्चेनं सुटायला हवा होता.

त्यात आर्थिक नाकेबंदी. भारतानं १९५४-५५पासून गोव्याशी व्यापार, प्रवास, पैशांची ये-जा आवळली. हिशेब असा होता की गोवा मुंबईच्या मनीऑर्डरींवर आणि घाटावरच्या धान्य-भाजीवर जगतो, ते थांबलं की सरकार वाकेल. ते वाकलं नाही. कारण नेमक्या त्याच काळात लोहखनिजाची जपानला निर्यात फुगली होती, हातात परकी चलन होतं. त्यातून बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं असा बाजार गोव्यात उभा राहिला आणि वर विलायती घड्याळं, दारू, सुगंधी साबण स्वस्तात मिळू लागले. फटका बसला तो ज्यांचा मुलगा किंवा नवरा मुंबईत बोटीवर किंवा खानावळीत राबत होता त्या घरांना. म्हणजे जे लढ्याच्या बाजूचे व्हायला हवेत तेच दुखावले. मुंबईतल्या गोवेकर गटांतली निम्मी भांडणं या एका प्रश्नाभोवती फिरत होती आणि सगळ्यांत ठाम बोलणाऱ्या कुन्हांवर राग निघणं साहजिक होतं.

२६ सप्टेंबर १९५८ला ते मुंबईत वारले. गोवा मुक्त व्हायला आणखी तीन वर्षं होती. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. १९५९मध्ये जागतिक शांतता परिषदेनं मरणोत्तर सुवर्णपदक दिलं. परिषद सोव्हिएत गोटातली, त्यामुळे 'बघा, म्हणत नव्हतो?' म्हणायला विरोधकांना आणखी एक कारण मिळालं.

राहता राहिली पुस्तिका. 'डिनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स', १९४४. म्हणणं थोडक्यात असं: १५१०पासूनच्या सत्तेनं जमीन घेतलीच, पण त्याहून खोल काम केलं. धर्मांतर, इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय), शिक्षण, पोशाख, भाषेवरची बंदी यांतून असा वर्ग घडवला जो स्वतःला युरोपी समजतो, आणि म्हणून त्याला गुलामी टोचतच नाही. पुस्तिका शिवीसारखी वाचली जाते. ख्रिस्ती वाचकाला वाटतं की आपल्या आजी-आजोबांना, मांडो गाण्यांना, क्रिसमसला, घरातल्या पियानोला कोणीतरी नकली ठरवतंय. हिंदू वाचक खूश होऊन मान डोलावतो आणि हे लिहिणारा माणूस कोणत्या घरातला, हे विसरतो. दोघांचंही वाचन अपुरं आहे.

वाचताना नकाशा शेजारी ठेवावा. तिसवाडी, बारदेस, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, सोळाव्या शतकातल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. मधे दोनशे वर्षांहून जास्त अंतर. इन्क्विझिशन १५६०ला सुरू झालं, १७७४ ते ७८ थांबलं आणि १८१२ला कायमचं गेलं. म्हणजे फोंडा-डिचोलीचे लोक पोर्तुगीजांकडे आले तेव्हा त्याची धार संपत आली होती. व्हाइसरॉय काउंट द आल्वोर यानं १६८४मध्ये कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला, तोही जुन्या काबिजादींतच लागू होण्याजोगा होता. थोडक्यात, पुस्तिका सासष्टीच्या अनुभवातून सगळ्या गोव्याबद्दल बोलते. सत्तरीतल्या देवळाच्या महाजनाला किंवा गावड्याला ती लागू करायला गेलं की शिवण उसवते.

दुसरी उणीव माझ्या मते जास्त गंभीर. संस्कृती म्हणजे आधी शुद्ध होती आणि मग बिघडवली गेली, असं धरून चाललं की चारशे वर्षांत सामान्य माणसानं त्यातून स्वतःचं जे काही उभारलं ते सगळं 'बिघाडा'त जमा होतं. तियात्र ही कोकणी नाटकं, गावच्या चॅपलची लादाईन प्रार्थना, मुंबईतले गोंयकारांचे कूड म्हणजे गावाच्या नावानं चालणाऱ्या राहायच्या खोल्या. कुन्हांचा निशाणा वरचा, पोर्तुगीज बोलणारा वर्ग होता. छर्रे मात्र शेतात राबणाऱ्यालाही लागले. आणि तरी १९४४ साली, सेन्सॉरच्या नाकाखाली, आपल्याच जातीवर्गाला आरसा दाखवणं याला जे धैर्य लागतं ते नाकारता येत नाही. परक्यानं हे लिहिलं असतं तर ती नालस्ती ठरली असती.

१९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश असा प्रश्न आला तेव्हापासून कुन्हांना दोन्ही बाजू ओढत आल्या आहेत. कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा संघप्रदेशाच्या बाजूनं लागला. कुन्हा त्याच्या आठ वर्षं आधी गेले होते आणि त्यांच्यासमोर प्रश्न होता भारत की पोर्तुगाल. मराठी-कोकणी वादात त्यांची वाक्यं फेकणाऱ्यांनी निदान साल तरी पाहावं.

ज्यांना जागा पाहायच्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. मडगावहून पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर चांदरचा ब्रागांझा वाडा आहे. त्याचे दोन भाग दोन शाखांचे. पश्चिमेकडच्या भागात मेनेझिस ब्रागांझांचं ग्रंथालय आहे, सुमारे पाच हजार पुस्तकांचं. हे राहतं घर आहे, वेळ बघून जावं, देखभालीसाठी पैसे ठेवावेत. पणजीच्या आझाद मैदानावरचा खांबांचा मंडप १८४७चा, खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या चर्चमधून आणलेले. त्यात गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि त्या जागी १९८६मध्ये मुंबईहून आणलेले कुन्हांचे अवशेष आहेत. आग्वादला मात्र बहुतेकांची फसगत होते. दीपगृह आणि पाण्याची मोठी टाकी असलेला वरचा किल्ला बघून माणसं 'तुरुंग दिसला नाही' म्हणत परततात. तुरुंग वर नाहीच. तो खाली, समुद्राला लागून, जुन्या धक्क्याच्या पातळीवर आहे आणि तिकडे उतरणारा रस्ता वेगळा आहे. २०१५मध्ये कैदी कोलवाळला हलवले, डागडुजी होऊन डिसेंबर २०२१मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. लोहिया आणि कुन्हा यांच्या कोठड्या तिथं दाखवल्या आहेत. पावसाळ्यात गेलात तर जांभ्या दगडाच्या भिंतींना सुटलेली ओल हातालाच लागते. कुन्हांना तिथं ठेवलं तो महिनाही जुलैच होता.